आज वळणावर कोणी हसलं नाही

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्या घरी आली आहे, म्हणून दुपारचंच लिहून टाकते.

मुलांच्या लाकडी मोटारींची शर्यत घाटीच्या उतारावर झाली. कोणी कुठे उभं राहायचं ते मीच ठरवलं होतं. वळण मी स्वतःकडे ठेवलं. मोटारी तिथेच उलटणार, मुलं ओरडणार, खिदळणार, हे ठाऊक होतं. मला तेच हवं होतं.

पहिली मोटार उलटली. सगळी मुलं चूप. दुसरी उलटली, तरी चूप. मला वाटलं, बुजली असतील.

मग सुतारांची यमू तिची रिळांच्या चाकांची मोटार उचलायला आली आणि हळूच म्हणाली, "काकू, आता हसलं तर चालेल? काका घाटात मोटार उलटून गेले ना, म्हणून तुमच्यासमोर हसायचं नाय असं सांगितलंय."

माझ्या शेजारी आपल्या सुमतीबाई उभ्या होत्या, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या जिवाला लागेल, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ठरवलं."

"हस गो, खुशाल हस," मी यमूला म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मोटार घेऊन निघून गेली.

तुम्ही मायेनेच केलंत, ते कळतं. पण हे गेल्यापासून चार वर्षं माझ्या घरात शांतताच आहे. पोरांचा गलका कानावर पडावा म्हणून तर मी ही शर्यत मांडली होती. ठरवताना मला एकदा विचारावं, असं तुमच्यापैकी एकीलाही का वाटलं नाही?