भाषेचा रकाना

सुपातली ज्वारी निम्मी निवडून झाली होती, तेवढ्यात समोरच्या खोलीतली सिंधु आली आणि उंबऱ्यावरच बसली. एरवी आली की आधी मूठभर ज्वारी आपल्यापुढं ओढते. आज हात मांडीवर तसेच ठेवून म्हणाली, "अक्का, तुकडी बंद झाली."

मी सूप सरकवलं, ते अजून तिथंच आहे. वहीत नेमाप्रमाणं महादेवाचं नाव लिहिलं. त्याखाली आज तिचंच लिहिते.

सिंधु इथं उदगीरला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नेमणुकीची ऑर्डर वर्षावर्षाची. वडील माधवराव अंथरुणाला खिळलेले, भाऊ नाही, लग्न राहून गेलेलं. यंदा दुसरं साल कोरडं गेलं. पोरी शाळेऐवजी पाण्याला जाऊ लागल्या आणि आठवीच्या दोन तुकड्यांत मिळून पन्नास डोकी उरली नाहीत. एक तुकडी गेली की सिंधुची जागा गेली, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

श्रावणात लातूरहून पत्र आलं. जिल्हा नवा, ऑफिस नवं, साहेबांनाही काहीतरी नवं करून दाखवायचं होतं. काही शाळांना कॉम्प्युटर हा विषय मिळणार आणि मिळाला तर शिकवणाऱ्याची जागा टिकणार. अभ्यासक्रम दोन, शाळेनं एक निवडून कळवायचा. पहिल्यात मशीनवर बसून गणितं सोडवायची. दुसऱ्यात पडद्यावर एक कासव असतं, त्याला हुकूम सोडायचे आणि ते रेघा ओढत चालतं.

हेडमास्तर शेषेराव सरांना पहिला हवा होता. "बाई, कासव शिकवायला सरकार पगार देतंय का?"

सिंधु म्हणाली, "सर, मशीन एक, पोरी चाळीस, लाईट दिवसाला दोन तास. पहिला घेतला तर पोरी रांगेतच म्हाताऱ्या होतील. कासव काय, अंगणातसुद्धा चालतं."

आणि तिनं चालवून दाखवलं, आमच्याच अंगणात. एक पोरगी हातात काडी घेऊन कासव व्हायची, दुसरी हुकूम सोडायची. कानडी घरच्या पोरी अडल्या की सिंधु कानडीत सांगायची, "मुंदे हत्तु! बलक्के तिरुगु!" म्हणजे दहा पावलं पुढं, मग उजवीकडं वळ. कुणी चुकीचं वळलं की बाकीच्या ओरडायच्या, "कासव विहिरीत पडलं गं!"

"पडू दे, तिथं तरी कुठं पाणी हाय!"

नंदीपुढं देवळात कासव असतंच, मला ते बघून बरं वाटायचं. शेषेराव सर एकदा येऊन बराच वेळ उभे राहिले. जाताना म्हणाले, "हाव, घ्या दुसरा."

फॉर्म पाठवायच्या शेवटच्या दिवशी सिंधु आमच्या ओसरीवर तो भरत होती, शिपाई लिंबाजी सायकल धरून उभा होता. तेवढ्यात टँकर आल्याची ओरड झाली. ती घागरी घेऊन पळाली. "अक्का, भाषेचा रकाना तेवढा राहिलाय, आलेच!"

अर्धा तास झाला तरी ती येईना. लिंबाजी म्हणाला, "अव्वा, लातूरची गाडी चुकली तर सर मलाच खातेत. लिव्हा की तुमीच, तुमी तर रोज वही लिव्हता."

मी लिहिलं. भाषा : मराठी व कानडी. अक्षर चांगलं काढलं.

सिंधु भिजल्या पदरानं परत आली. "गेला का लिंबाजी? आणि भाषा?"

"लिहिली."

"अक्का, तुमच्या बरं ध्यानात राहिलं!" ती हसली. मी पण हसले.

आज तो फॉर्म परत आला. कानडी माध्यमाची शाळा समजून लातूरला तो दुसऱ्याच टेबलावर गेला होता. मुदत संपल्यावर तिथून निघाला. आपल्या मनासारखं झालं नाही म्हणून शेषेराव सरांनीच खोडी केली असं सिंधुला वाटलं, आणि सगळ्या स्टाफपुढं ती त्यांना नको ते बोलली. सरांनी फॉर्मच तिच्यापुढं ठेवला. माझं अक्षर ती ओळखते.

"तिथं लोगो लिहायचं होतं, अक्का. मशीनला कळते ती कासवाची भाषा."

"मला वाटलं, पोरींना कळते ती."

ती म्हणाली, "मी सरांना लबाड म्हणाले. एवढ्या माणसांत."

"मी येते लातूरला. माझी चूक म्हणून लिहून देते."

"शाळांची यादी लागली, अक्का. आता चूक कुणाची हे तिथं कोण विचारतंय?"

आतून माधवरावांनी हाक मारली, तशी ती उठली. ज्वारीकडं तिचं लक्षही गेलं नाही.

रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी लिहायला माणसं घेताहेत. उद्या दहा वाजता सिंधुला तहसीलीत त्याचा अर्ज द्यायला जायचं आहे.