न विचारता बसवलेली तांबी

मी तपासायच्या टेबलावर पाय वर करून पडले होते. डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं आणि भोवतीच्या चार शिकाऊ पोरींना म्हणाल्या, "बघा, आत तांबी आहे, कॉपर-टी. आणि ही म्हणते, तीन वर्षं नवस करतेय, दिवस राहत नाहीत."

पोरी हसल्या. मी विचारलं, "कुणी बसवली?"

"तूच बसवून घेतली असशील. तुम्हा लोकांना पोरं तेवढी होतात, बाकी काही लक्षात राहत नाही."

मी बसवून घेतली नव्हती. चार वर्षांपूर्वी सोलापुरातल्या याच ट्रस्टच्या दवाखान्यात माझी मुलगी झाली. बाळंत झाल्यावर सिस्टर म्हणाली होती, "हलू नको, साफ करतेय." तेव्हाच बसवली असणार. कार्डावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. मी नववी शिकलेली. मुलीचं वजन तेवढं वाचलं आणि कार्ड देव्हाऱ्याखाली ठेवून दिलं.

आणि तीन वर्षं घरात काय चाललं होतं? सासूबाई मंद्रूपहून झाडपाल्याची पूड आणायच्या, मी ती गिळायचे. सोमवार धरले. शेजारणीच्या ओटीभरणात मला मागं बसवलं. दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की कारखान्यात शाळेचे पांढरे शर्ट शिवताना मी स्टुलावर काळं फडकं अंथरायचे. सासूबाई म्हणायच्या, "हिला दिवसच राहत न्हाईत. लेकाला दुसरी बघावी लागतीय की आता." नवरा ट्रकवर, आठ दिवसांनी घरी यायचा. आईचं ऐकायचा आणि जेवून झोपायचा.

खरं सांगते, मलाही दुसरं इतक्यात नकोच होतं. पोर लहान, शिलाई सुटली असती. तांबीनं भलंच केलं म्हणा. पण माहीत असतं तर मी ती पूड गिळली नसती. माझं भलं करणाऱ्यांनी मला एक शब्द विचारला नाही, याचा संताप अजून जात नाही.

त्या दिवशी एवढंच म्हणाले, "मॅडम, काढा ती. रक्त लई जातंय."

"नवऱ्याला घेऊन ये. त्याची सही लागते."

नवरा म्हणणार, हिनंच चोरून बसवली. सासूबाईंना आयतंच कारण सापडणार. लेकीला घेऊन कुठं जाणार मी? पंधरा दिवस कुणाला काही बोलले नाही. जेवण जाईना. दारात ट्रकचा आवाज आला की देव्हाऱ्याखालचं कार्ड आणखी आत सरकवायचे.

मग एक दिवस एका शर्टाला माझा डाग लागला. मालकानं तो दोन बोटांत धरून सगळ्या बायकांना दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत दवाखान्यात गेले.

"नवरा कुठाय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ट्रकवर."

"मग सही?"

मी जागची हलले नाही. "बसवताना कुणाची सही घेतली? तो कागद दाखवा. काढायला नवऱ्याची लागती, असं लिहून द्या. मी जाते."

कागद निघाला नाही. लिहूनही कुणी देईना. मी दाराशी बसून राहिले. ओळीतल्या बायका बघत होत्या. एक म्हातारी हळूच म्हणाली, "बस, पोरी. उठू नकोस." दुपारी त्यांनी तांबी काढली.

सिस्टर म्हणाली, "आता लगेच दिवस जातील."

"म्हणून तर इचारतीय. दिवस जाऊ नयेत म्हणून काय काय असतं ते सगळं सांगा. तरास काय होतो तेबी सांगा."

तिनं तोंड वाकडं केलं, पण सांगितलं. गोळ्या, इंजेक्शन, परत तांबी, नवऱ्यानं वापरायचं ते. गोळ्यांनी मळमळेल, एकही चुकवायची नाही. माझं बीपी बघितलं. मी गोळ्यांचं पाकीट घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगाचं कुणीतरी मला समजावून सांगितलं होतं.

घरी आल्यावर पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसलं. हात आतच राहिला. मग बाहेर काढलं आणि आरशाखाली, टिकल्यांशेजारी ठेवलं.

नवरा परवा येणार. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. हात उगारेल, माहेरी धाडेल, दुसरी करीन म्हणेल. म्हणू दे. त्यानं विचारलं की सगळं सांगणार, तांबीपासून. दुसरं मूल हवं की नको, हवं तर कधी, हे मी ठरवणार. पाकीट तिथून हलणार नाही.