चांदभाईंचा ऐकणारा दात

पहाटे पावणेपाचला चांदभाईंचा दिवस सुरू होतो. गजर त्यांना ऐकू येत नाही. म्हणून ते मोबाईल उशीखाली, जबड्याला टेकवून ठेवतात. तो थरथरला की उठतात. गजराच्या आवाजानं भिंतीपलीकडे मीही उठतो. माझी इच्छा नसते.

मांडवगण फराट्यात त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, जनरेटर दुरुस्त करतात. एकोणचाळीस वर्षं हेच काम. मी साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली एकतीस वर्षं काढली. काम करणारा माणूस आणि काम करतोय असं दाखवणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. चांदभाई पहिल्या जातीतले. पाना लावला की नट निघेपर्यंत बोलत नाहीत.

पण गिऱ्हाईक कमी झालं होतं. गावात एकच बोलणं, मशीन आवाजावरून कळतं आणि ह्यांना आवाजच येत नाही. लोक भीमा ओलांडून दौंडच्या एका गॅरेजला जायला लागले. खुर्शिदभाभी कानाच्या यंत्रासाठी मागं लागल्या होत्या. ते मात्र चांदभाईंना ऐकू येत नव्हतं. किंवा येत होतं.

मोठं गिऱ्हाईक एकच उरलं होतं, सोपानराव मंडपवाले. त्यांचा चाकांचा पेट्रोल जनरेटर दसऱ्यापासून झाकून ठेवलेला. तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्या लग्नाला बाहेर काढला, तर नुसता खडखडाट, आणि त्यात ठक-ठक. वीज गेलेली, जनरेटर मंडपाला खेटून. मंगलाष्टकं कुणाला ऐकू गेली नाहीत. ‘सावधान’ कधी झालं ते कळेना, म्हणून लोकांनी अंदाजानं अक्षता टाकल्या. तिसऱ्या मंगलाष्टकालाच वऱ्हाडाच्या मुठी रिकाम्या. शेवटी नवरीच्या मामानं आचाऱ्याकडून पातेलंभर तांदूळ मागवले.

दौंडच्या गॅरेजवाल्यानं दुरूनच ऐकलं आणि सांगितलं, कनेक्टिंग रॉड, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दांडा, गेला. इंजिन खोलावं लागेल, आठ दिवस लागतील. पुढचं लग्न तर वडगाव रासाईला, दोनच दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सोपानराव छोट्या हत्ती टेम्पोत जनरेटर घालून दुकानापुढं आले. गाडीतच चालू करून दाखवला. गल्लीतल्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या.

“चांदभाई, शेवटचं तुमच्याकडं आनलंय,” सोपानराव ओरडले. “जमलं तर जमलं. न्हाई तर उद्यापासनं माझं समदं काम दौंडला. राग मानू नका.”

चांदभाई त्यांच्या ओठांकडे बघत होते. “मानत न्हाई. आधी मशीन खाली घ्या.”

आवाजानं मीही बाहेर आलो होतो; आम्ही तिघांनी ते मातीवर उतरवलं. पुन्हा चालू केलं. पाव हिस्सा आवाज तिथंच गेला, तो गाडीच्या पत्र्याचा होता. मग चांदभाईंनी सायलेन्सरच्या जाळीला फडकं लावून हात टेकवला. एक स्क्रू पडलेला, एक ढिला. दोन्ही बसवले. मशीनच्या चार पायांपैकी दोघांचे रबर झिजून गेलेले. जुन्या टायरचे तुकडे कापून चारही नवे घातले. ह्याला पन्नास मिनिटं लागली. त्यात एकही मिनिट फुकट गेलं नाही.

खडखड थांबली. ठक-ठक राहिली.

“ही ठक म्हंजी रॉडच,” सोपानराव म्हणाले. “दौंडवाला म्हनला व्हता.”

“त्यानं हात कुठं कुठं लावला?”

“हात न्हाई लावला. मोबाईलवर बोलत व्हता.”

चांदभाईंनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. त्यांचे पुढचे दात तंबाखूनं कधीच नेले. उजवीकडे वर एक आणि त्याच्या बरोबर खाली एक, असे दोन कामाचे उरलेत. लाकडी मूठ त्या दोघांत धरली, टोक चालू इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं आणि डोळे मिटले. कानानं येत नाही ते त्यांना हाडातून येतं.

“ऐकताय का खाताय?” सोपानरावांनी विचारलं.

चांदभाईंचं तोंड कामात होतं. डोक्यावरून टोक पोटावर, पोटावरून बाजूला. अकरा मिनिटं हे चाललं. मध्येच कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं मशीन, पण चांदभाईंनी गाल धरला. मग मूठ पुन्हा तिथंच चावली आणि उरलेली बाजू ऐकून घेतली.

“रॉड गेला असता तर पोटात वाजला असता,” ते म्हणाले. “पोट गप हाय. दोरीकडच्या झाकनात वाजतंय.”

मशीन बंद केलं. चालू करायची दोरी ज्या झाकणात असते, त्याचे बोल्ट काढले. आत इंजिन थंड ठेवणारा पंखा. पंखा आणि झाकण यांच्यामध्ये दोन बोटांएवढा करवंटीचा तुकडा अडकलेला. पंख्याचं पातं प्रत्येक फेऱ्याला त्याला टक्कर देत होतं. एक कड घासून गुळगुळीत, दुसऱ्या कडेला अजून कुंकू.

आम्ही तिघांनीही त्या कुंकवाकडे पाहिलं. सोपानरावांकडे रीत आहे, खंडेनवमीला मशीनपुढं नारळ फोडायचा तो मशीन दुरुस्त करणाऱ्यानंच. बावीस वर्षं हा मान चांदभाईंचा. यंदा त्यांनी नारळ जनरेटरच्या लोखंडी चौकटीवरच फोडला होता. झाकणाच्या जाळीची एक पट्टी तुटलेली. तुकडा तिथून आत गेला.

सोपानरावांना हसू आवरेना. “मिस्तरी, नारळ कुनी फोडला व्हता?”

“म्या. आन् दगड कुनी आनायचा व्हता?”

“म्या,” सोपानराव म्हणाले आणि हसू आवरलं.

खुर्शिदभाभी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. “आन् तुकडा आत पडल्याला कुनाला ऐकू आला न्हाई?”

चांदभाई बोल्ट आवळत होते. हे त्यांना ऐकू आलं नाही.

जाळीवर त्यांनी तारेची पट्टी बांधली. मजुरी सांगताना म्हणाले, “स्क्रू, रबर आन् पट्टीचं घेईन. करवंटीचं काय न्हाई. ती माझीच हाय.”

दुसऱ्या दिवशी वडगाव रासाईला मुहूर्ताच्या आधीच वीज गेली. जनरेटर मंडपामागं मांजरीसारखा घुरघुरत होता. भटजींचा शब्द न् शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत आला. अक्षता वेळेवर पडल्या. चांदभाई मागं उभे होते. लोकांचे हात वर गेलेले बघून त्यांनी मूठ सोडली. त्यांच्या अक्षता तेवढ्या उशिरा पडल्या. सोपानरावांनी ते पाहिलं. टोमणा मारला नाही. जवळ जाऊन, तोंड दिसेल असं उभं राहून म्हणाले, “हंगामभर मशीनपाशी तुमीच थांबायचं. दुसरा जनरेटर सोमवारी आनतो.”

दौंडचं नाव पुन्हा निघालं नाही. चांदभाईंनी पूर्ण लग्नसराई मशीन सांभाळलं, चिरलेल्या दातानं.

हंगाम संपल्यावर भाभी त्यांना कानाच्या यंत्रासाठी शिरूरला घेऊन गेल्या. मीही गेलो. यंत्राच्या दुकानापाशी भाभी थांबल्या. चांदभाई पुढं चालत राहिले आणि दाताच्या दवाखान्यात शिरले.

“काढून टाकू,” डॉक्टर म्हणाले. “कशानं चिरला?”

“ऐकताना,” चांदभाई म्हणाले. “काढू नका. त्याच्यावर धंदा हाय.”

डॉक्टरांनी भाभींकडे पाहिलं. भाभींनी कपाळाला हात लावला.

चार खेपा झाल्या. हंगामाची मजुरी तिथंच संपली, कानाचं यंत्र राहून गेलं. खालचा उजवा दात मुळासकट जागेवर राहिला, वर पांढऱ्या धातूची टोपी बसली.