अकरा शब्दांत आठ चुका

अस्मा मुलाणी या बाईंबद्दल लिहायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल, आणि चूक कबूल करणं हा काही माझा पिंड नाही. छत्तीस वर्षं शिक्षण खात्यात काढली, त्यातली शेवटची नऊ केंद्रप्रमुख म्हणून. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर फटफटीवरून फिरायचं, वह्या बघायच्या, मुलांना वाचायला लावायचं आणि शेरा मारून पुढच्या शाळेवर जायचं. माझ्या शेऱ्याला मास्तर लोक टरकून असत. मला ते आवडायचं, आता लपवण्यात अर्थ नाही.

अस्माबाई शेळगावच्या. वडील बाबूलाल शिंपीकाम करायचे, आसपासच्या शाळांचे गणवेश त्यांच्याच मशीनवर शिवले जात. दुकानात कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूचे तुकडे पडलेले असत. तेच घेऊन ही पोरगी शाळेत जायच्या आधी फरशीवर अक्षरं काढायची. आई कमरजहाँ रोज फरशी पुसायची आणि रोज ओरडायची. पुढं बारामतीत डी.एड. झालं, पात्रता परीक्षाही पास झाल्या, पण भरती काही निघेना. त्या वर्षांत आमच्याकडं डी.एड. झालेली पोरं साखर कारखान्यावर उसाच्या वजनकाट्यापाशी बसलेली दिसायची, नाहीतर मोबाइलच्या दुकानात.

बाईंनी मात्र लहान मुलांना शिकवायचा नाद सोडला नाही. बारामतीतल्या एका खासगी बालवाडीत लागल्या. तिथं तीन वर्षांच्या मुलांना रोज एक पान गिरवायला द्यायचं आणि पालकांना दाखवायचं असा रिवाज होता. ज्या बोटांना अजून भाकरीचा तुकडा मोडता येत नाही त्यांच्याकडून वही भरून घेणं त्यांना पटेना. दीड वर्षात त्या बाहेर पडल्या. मग काटेवाडीला एक लहानसा वर्ग चालवला. तिथं एक दिवस एका पोरानं आल्या आल्या सांगितलं, "बाई, आमच्यात वासरू झालं." बाईंनी सहज ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. तो पोरगा दिवसभर फळ्यापाशी उभा राहून येईल त्याला बोट ठेवून वाचून दाखवत होता. तेव्हा त्याला पुरती दहा अक्षरंसुद्धा येत नव्हती. बाई म्हणतात, "त्या दिवशी मला माझं काम कळलं, सर."

त्यानंतर त्या कळंबच्या अलीकडच्या एका वस्तीशाळेवर आल्या, मानधनावर. कायम नेमणूक नाही. दरवर्षी मार्चअखेर शाळा समितीनं ठराव करायचा आणि मी अनुकूल शेरा द्यायचा, तर पुढचं वर्ष मिळणार. पहिली-दुसरी मिळून चौदा मुलं. बरीचशी पूर्वी मेंढरं राखणाऱ्या आणि आता ऊस नि मका करणाऱ्या घरांतली. मुलांची नावं मात्र भारी. दुसरीत एक संस्कृती होती. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं आणि निस्तरायचं पहिलीच्या बाईंनी. ती पोरगी वर्षभर स्वतःचं नाव निरनिराळ्या तऱ्हांनी लिहीत होती.

बाईंची पद्धत अशी. सकाळी मुलं बोलतील त्यातलं एक वाक्य फळ्यावर लिहायचं, घरी बोलतात तसंच. ही वरची ओळ. दुपारच्या सुट्टीनंतर तेच वाक्य पुस्तकात कसं लिहितील ते मुलांनी शोधून खाली लिहायचं. ही खालची ओळ. पोरं हिरिरीनं भांडायची त्या खालच्या ओळीवरून.

भानगड झाली ती वरच्या ओळीमुळं. शाळा समितीचे अध्यक्ष तात्याबा एका सकाळी नातवाला सोडायला आले. फळ्यावर संस्कृतीचं वाक्य होतं: "आमची शेळी याली. दोन करडं हायती." तात्याबांनी फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ही काय शाळेची भाषा झाली का? कुणीतरी लगेच जोडलं की मुलाणी बाईंना शुद्ध मराठी कुठून येणार. वाक्य धनगराच्या पोरीचं, शब्द अख्ख्या वस्तीचे, आणि दोष आला बाईंच्या आडनावावर. हे वाचून मला राग यायला हवा होता. मला वाटलं, माणसं म्हणतात त्यात काहीतरी तथ्य असेल.

आठवड्याभरात मी दुसरीची वाचन तपासणी घ्यायला गेलो. सगळ्या केंद्राला एकच उतारा होता: "गावाबाहेर एक विहीर आहे. तिच्यात पाणी नाही. आम्ही तिकडे जात नाही." संस्कृतीनं कागद हातात घेतला आणि न अडखळता वाचलं, "गावाभाईर एक हीर हाय. तिच्यात पानी न्हाय. आमी तिकडं जात न्हाय."

मी लाल पेनानं खुणा करत गेलो. अकरा शब्दांत आठ चुका. बाकीच्या पाचांचंही थोड्याफार फरकानं तसंच. मी बाईंना म्हणालो, ही मुलं वाचत नाहीत, अंदाजानं बोलतात. बाई म्हणाल्या, "सर, उतारा त्यांनी आज पहिल्यांदा बघितला. अंदाजानं विहीर कशी येईल?" मी म्हणालो, "विहीर आलीच कुठं? हीर आली." आणि वहीत शेरा मारला: वाचनक्षमता असमाधानकारक. बाई माझ्या गाडीपर्यंत मागं आल्या, अजून एकदा ऐका म्हणाल्या. मी गाडीला किक मारली.

शनिवारी समितीची बैठक होती. शाळेच्या पडवीत सतरंजी टाकलेली, सात-आठ माणसं, दोन बाया, आणि खांबाला टेकून संस्कृतीचे आजोबा आबाजी. माझा शेरा वाचून झाल्यावर तात्याबांनी सरळ सांगितलं की पुढल्या वर्षाला दुसऱ्या बाई बघू.

तात्याबा दुष्ट माणूस नाही. त्यांचा मुलगा इंद्रजित पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. त्याचं 'हाय' आणि 'न्हाय' ऐकून समोरचे हसले. पोरगा परत आला तो महिनाभर कुणाशी धड बोलला नाही. तात्याबा म्हणाले, "आमची भाषा आमी घरी शिकवतूच की. त्यासाठी शाळा कशाला पायजे? नातवाला तरी कुणी हसू नये, एवढंच म्हननं हाय माजं."

"खालची ओळ मी शिकवतीच की, तात्या," अस्माबाई म्हणाल्या. त्याही शेळगावच्याच, वस्तीवर बोलताना त्यांची भाषा वस्तीचीच. "पर वरची पुसून खालची लिवत न्हाय. पोराला घरचं बोलनं लिवल्यालं दिसलं, की त्याला अक्षर आपलं वाटतं. येवडंच." मग त्या माझ्याकडं वळल्या. "संस्कृतीला सगळ्यांसमोर एकदा वाचू द्या, सर. आणि वाक्य तुम्हीच लिहा. मी बघतसुद्धा नाही."

नाही म्हणायला जागा नव्हती. मी कागद घेतला. मुद्दाम पुस्तकी वाक्य करायचं ठरवलं. समोर आबाजी होते, म्हणून लिहिलं: "आजोबांच्या डोक्यावर कोणत्या रंगाचा फेटा आहे?"

संस्कृतीनं कागद डोळ्यांजवळ धरला. ओठ हलले. मग ती मोठ्यानं म्हणाली, "आज्याच्या डोस्क्याव कंच्या रंगाचा पटका हाय?" तिनं वळून आजोबांकडं पाहिलं आणि माझ्याकडं बघून सांगितलं, "लाल."

"बगा, सायेब," तात्याबा म्हणाले, "अजून तसंच वाचती." दोघं-तिघं हसले. आबाजींनी पटक्याला हात लावून पाहिला, आपलं काही चुकलं की काय अशा चेहऱ्यानं.

मी मात्र त्या 'पटक्या'पाशी अडकलो होतो. 'फे' आणि 'टा' या अक्षरांकडं कितीही वेळ बघत बसलं तरी त्यातून पटका निघत नाही. फेटा वाचून, तो काय असतो हे समजून, मग घरचा शब्द तोंडात आला तरच निघतो. पोरगी वाचत होतीच, वर अर्थ लावून आपल्या बोलीत फिरवत होती, आणि तेही इतक्या झपाट्यानं की तिला स्वतःला पत्ता नव्हता. विहिरीचंही तसंच झालं होतं. ज्यांना मी आठ चुका म्हटलं, त्या आठ जागी तिला वाक्य समजलं होतं.

हे त्या पडवीत दोनच माणसांना कळलं. एक अस्माबाई, दुसरा मी. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी गप्प बसलो असतो तर ठराव झाला असता. शेरा माझाच होता, तो बरोबर ठरला असता, आणि कुणी मला कधी विचारलं नसतं.

मला आमचे गुरुजी आठवले. 'पानी' म्हटलं म्हणून त्यांनी मला एक तास अंगठे धरून उभं केलं होतं. तेव्हापासून मी जीभ अशी घासूनपुसून घेतली की आमच्या घरी साहेब लोक आले की आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. तिच्या बोलण्यानं माझी शोभा होईल असं तिला वाटायचं. मी कधी तिला बाहेर ये म्हटलं नाही. त्याची लाज मला त्या पडवीत वाटली, आई जाऊन अकरा वर्षं झाल्यावर.

मी म्हणालो, "माझ्याकडून मूल्यमापनात त्रुटी राहिली आहे. शेरा दुरुस्त करावा लागेल."

तात्याबा समजुतीनं हसले. "बाईंची नुकरी जाऊ नये म्हनून बोलताय, सायेब. तुमचं मन चांगलं हाय."

असली सरकारी वाक्यं त्या माणसानं जन्मभर ऐकली होती. त्यांच्यावर विश्वास ठेवायचं त्याला कारण नव्हतं. मी सतरंजीवर नीट बसलो, आणि नोकरी लागल्यापासून शाळेच्या आवारात जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"न्हाय, तात्याबा," मी म्हणालो. "पोरगी वाचती. चांगली वाचती. मलाच आयकाया येत न्हवतं. म्या चुकलू."

कुणी हसलं नाही. आबाजी खांब सोडून पुढं सरकले आणि मला म्हणाले, "तुमी हिकडचंच व्हय? येवडी वर्सं कळू दिलं न्हाय." मग मी फेटा आणि पटक्याची गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगितली, त्यांच्याच बोलीत, अडखळत, कारण सवय मोडली होती. तात्याबांनी कागद मागून घेतला आणि नातवाला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतला. त्यानंही पटकाच म्हटलं. शेवटी तात्याबा म्हणाले, "बाई ऱ्हाऊ द्यात. पर खालच्या वळीचा फोटू रोज ग्रुपवर टाकायचा." बाईंनी ते लगेच कबूल केलं. ठराव झाला.

सोमवारी मी नवा शेरा लिहायला शाळेवर गेलो. सकाळचा वर्ग भरत होता. बाईंनी खडू घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, आजचं वाक्य कोण सांगणार. संस्कृतीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि हात वर केला.

"सायेब चुकलं," ती म्हणाली.

बाईंचा हात फळ्यापाशी थांबला. मला ते आवडलं नाही, खोटं कशाला सांगू. पण मी म्हणालो, "लिहा, बाई." बाईंनी वरच्या ओळीत ते जसंच्या तसं लिहिलं.

दुपारपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. पुढच्या दोन शाळांची भेट हुकली. सुट्टी संपल्यावर संस्कृती फळ्यापाशी गेली, टाचा उंचावून उभी राहिली आणि वेळ घेत, एकेक अक्षर नीट काढत तिनं खालची ओळ लिहिली: साहेब चुकले. मग वळून तिनं बाईंना न विचारता मला विचारलं, "बरुबर हाय का, सायेब?"

"बरुबर हाय," मी म्हणालो.