सातविणीच्या चढावर बंद पडणारी गाडी

ग्रीसने बरबटलेले हात, जळक्या ऑइलचा वास, सीटखाली आठ दिवस कुजलेला बांगडा, यातल्या कशाचीच परशुराम मेस्त्रीला कधी किळस आली नाही. किळस यायची ती गाडीवाल्यांची. मालवण-कुडाळ रस्त्यावरच्या एका तिठ्यावर चिऱ्याच्या चार भिंती नि वर पत्रे अशा गॅरेजात त्याने चौतीस वर्षं काढली, आणि या चौतीस वर्षांत मनुष्यप्राण्याबद्दल त्याचं मत दरसाल खालीच गेलं.

जावंच कसं वर? एका मास्तरांच्या गाडीचे ब्रेक कुरकुरत होते. तर या शिकल्यासवरल्या गृहस्थाने ब्रेकला खोबरेल तेल लावलं! घरचं, घाण्यावरचं, शुद्ध! वर गॅरेजात येऊन विचारतो कसा, "मेस्त्री, आवाज गेलो, पण गाडी थांबणा नाय, ह्यां कित्याक?" परशुरामाने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि बाजूला जाऊन थुंकला. दुसऱ्या एकाची गाडी तापायची. तो सहा महिने रोज सकाळी रेडिएटरमध्ये कळशीभर पाणी ओतत होता, पण ते पाणी जातं कुठे हे वाकून बघायला त्याची कंबर लवली नाही. खालचा रबरी पाइप फाटला होता. दहा मिनिटांचं काम!

"शिरा पडो तुमच्या तोंडार," हे परशुरामाचं बोधवाक्य. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाड्या कुडाळला जायच्या. त्याच्याकडे यायच्या त्या म्हाताऱ्या, कार्बोरेटरवाल्या. त्यांच्यावर मात्र त्याचा जीव होता. "यंत्र कधी खोटां बोलणा नाय," तो म्हणायचा. "खोटां बोलता तो मालक." बॉनेट उघडायचा, कान द्यायचा, वास घ्यायचा, आणि पाच मिनिटांत निकाल द्यायचा. बहुतेक वेळा तो बरोबर असायचा. तिथेच तर घोळ झाला.

त्या मार्च महिन्यात शर्मिलाची गाडी त्याच्याकडे आली. पंचवीस वर्षांची, पांढरी, तिच्या सासऱ्याने घेतलेली. शर्मिलाचा नवरा सर्वेश जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. घरात ती, दोन मुली आणि शेजारच्या पडवीत दीर धनेश, ज्याला काम सोडून सगळं जमायचं. शर्मिला रोज बत्तीस डबे रांधून कुडाळच्या एमआयडीसीत पोचवायची. साडेबाराला कामगारांची जेवणाची सुट्टी, रविवारीसुद्धा, त्याआधी डबा पोचलाच पाहिजे. आणि गेला महिनाभर गाडी रोज एकाच ठिकाणी बंद पडत होती: तिच्या घरापासून बारा-तेरा मिनिटांवर, सातविणीच्या चढावर.

आता ही जागा साधी नव्हे. चढाच्या मध्यावर सातविणीचं जुनं झाड, त्याच्याखाली शेंदूर फासलेला चिरा. तो गावचा राखणदार. जाणारा-येणारा हॉर्न वाजवून, मान लववून पुढे जाणार. तिथे गाडी बंद पडली म्हटल्यावर लोकांचं डोकं कुठे चालणार ते काय सांगायला हवं?

परशुरामाने पहिल्या खेपेला पेट्रोलचा फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ केला. इंजिन चालू करून पाच मिनिटं कान दिला. "झाली." दोन दिवसांनी गाडी पुन्हा दारात. या वेळी पॉइंट आणि कंडेन्सर नवे. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा "झाली." तिसऱ्या खेपेला पेट्रोल पंप.

त्या तिसऱ्या वेळी शर्मिला म्हणाली, "मेस्त्रीनू, एक सांगू? नारळ फोडलो की गाडी चालू होता, ह्यां खरां. पण परवा माझ्याकडे नारळच नव्हतो. मी थयसर बसान रडलंय, आणि मगे ती आपोआप चालू झाली. तर ह्यां काय..."

"बाय," परशुरामाने तिला मध्येच तोडलं. तीन-चार गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, ऐकणारे कान मिळाले की त्याच्या जिभेला धार चढायची. "गाडीत काय एक दोष नाय. क्लचवरचो पाय काढ. चढ बायलमाणसाक जमणा नाय तां जमणाच नाय."

बाक खदखदून हसला. शर्मिला लाल झाली, किल्ली घेतली आणि गेली. परशुरामालाही हसू आलं होतं. मग तो हात पुसून दुसऱ्या गाडीखाली शिरला.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, धनेश आला. स्कूटरवरून उतरायच्या आधीच तोंड सुरू. "मेस्त्री, त्या पांढऱ्या गाडयेक गिऱ्हाइक बघा. येत्या आयतवारी गाऱ्हाणा आसा चढावर. हरिश्चंद्र गावकरांनी सांगल्यानी, बायलमाणसाच्या हातची गाडी राखणदाराक चलणा नाय. वयनी स्वतः गाडी घेवन येतली, किल्ली चिऱ्यापुढे ठेवतली, नि परत स्टेअरिंगाक हात लावणा नाय म्हणान शब्द देतली. सर्वेशदादाचो पण फोन इलो, धनेश म्हणता तसा कर म्हणान."

"आणि डबे?"

"डबे बंद. बायलमाणसान घरात बसान काय तां करूक होयां." धनेश पुढे वाकला. "माझ्या हातात कधी बंद पडली? मी कुडाळाक घेवन गेललंय सकाळी सहाक. एकदा तरी थांबली? नाय! आणि तिच्या हातात रोज. नारळ फोडूचो, गाऱ्हाणा घालूचा, वीस मिनिटां जातत, मगे म्हाराज गाडी सोडता."

परशुरामाला या माणसाची अशी किळस आली की त्याने हातातला पाना टेबलावर आपटला. तुमचा तो राखणदार सकाळी सहाला झोपलेला असतो काय रे मेल्या, असं तो बोलणार होता, आणि तोंड उघडंच राहिलं.

सकाळी सहा. गार हवा. आणि साडेअकराचं ऊन, डिकीत बत्तीस डबे, चढ. बारा-तेरा मिनिटांनी बंद, वीस मिनिटांनी चालू. नारळ असो नसो, वीस मिनिटं!

कॉइल. इंजिनाच्या कडेला बसवलेली ती मुठीएवढी डबी, जी प्लगला ठिणगी देते. जुनी झाली की तापल्यावर दम सोडते, निवली की पुन्हा शहाणी होते. गार असताना वर्षभर तपासा, कोणाला काही सापडणार नाही. शिकाऊ पोराला पहिल्या वर्षी सांगतात हे. आणि त्याने काय तपासलं होतं? प्रत्येक वेळी गार इंजिन, पाच मिनिटं. एकदाही गाडी चढापर्यंत नेली नव्हती. बाईने तर उत्तर ताटात वाढून दिलं होतं, नारळ नव्हता तरी चालू झाली म्हणून. पण तो बाकाला हसवण्यात गुंग होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशातली गत!

धनेश गेला. परशुराम बराच वेळ बाकावर बसून राहिला. गाडीवाल्यांची येते तीच शिसारी आता स्वतःची येत होती, आणि ही बाजूला जाऊन थुंकता येण्यासारखी नव्हती. शर्मिलाला फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण गार कॉइल घेऊन तिला दाखवणार काय? आणि गावाला कोण सांगणार? तो काहीही बोलला तरी धनेश म्हणाला असता, मेस्त्री आपली चूक झाकायला काहीतरी सांगतोय.

शनिवारी त्याने मागच्या भंगार गाडीतली एक कॉइल काढली, दुसऱ्या एका गाडीला लावून तासभर इंजिन तापवून पाहिली. चांगली होती. रविवारी सकाळची एसटी धरून तो चढावर उतरला.

तीसेक माणसं जमली होती. शर्मिला नेहमीच्याच वेळेला, नेहमीसारखे डबे भरून आली. शेवटची खेप म्हणून तिनेच तसा हट्ट धरला होता. शेजारी धनेश बसला होता. आणि गाडी? चिऱ्यापासून वीस हात अलीकडे दोन झटके दिले आणि थांबली. सगळ्यांनी माना डोलावल्या. शर्मिला किल्ली घेऊन खाली उतरली तेव्हा डोळे कोरडे होते.

गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान हरिश्चंद्र गावकरांचा; त्यांनी पागोटं सारखं केलं आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "बा राखणदारा, तुझ्या वाटेर ह्या लेकरान पाय ठेवलो..."

"होय म्हाराजा!"

"तेच्या हातसून काय चुकला-माकला असात..."

"थांबा!" परशुराम ओरडला. "वायच थांबा. नारळ फोडू नकात."

गाऱ्हाण्यात कोणी तोंड घालत नाही. लोक वळून बघतात तोवर त्याने बॉनेट उघडलं. जुन्या कॉइलला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं, भाजलं. दोन बारीक वायर, एक जाडी. त्या काढून आणलेल्या कॉइलला जोडल्या. "बाय, स्टार्टर मार."

गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. नारळ गावकरांच्या हातात तसाच.

"आता बगा." त्याने बंद करून पुन्हा तापलेली जुनी कॉइल जोडली. स्टार्टर नुसताच घरघरला. परत दुसरी. चालू. परत जुनी. बंद. चार वेळा केलं त्याने, लहान मुलाला अक्षर गिरवून दाखवावं तसं.

"राखणदार नाय, बाई नाय. ही डबी. तापली की मरता, निवली की जगता. तुम्ही नारळ फोडीपर्यंत ती निवता. कावळो बसाक नि फांदी मोडाक!"

गावकर हसले, प्रसन्न. "म्हणजे म्हाराजानच मेस्त्रीक धाडल्यान!"

"होय म्हाराजा!" तीस तोंडं एकदम. आणि नारळ फुटला. फुटलाच! खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले, एक परशुरामाच्या हातावरही आला. त्याला सगळ्यांची किळस आली, आणि तुकडा त्याने खाल्ला.

जो तो एकमेकांना सांगत होता, कॉइलीचो दोष, कॉइलीचो. हायसं वाटल्यासारखे चेहरे. कॉइलीला कोणाची माफी मागावी लागत नाही. शर्मिलाकडे एकानेही बघितलं नाही.

तिनेच विचारलं, सगळ्यांच्या देखत, "मेस्त्रीनू, तीनदा गाडी तुमच्याकडे इली. तेव्हा ही डबी खंय होती?"

सगळे वळले. परशुरामाला वाटलं, सांगावं काहीतरी: दोष लपून होता, जुनी गाडी, असं होतं. गाडीवाले सांगतात तसं.

"हयसरच होती," तो म्हणाला. "मी गाडी तपासलंयच नाय. तुका तपासलंय. दोष माझो."

त्याने चांगली कॉइल नीट आवळून बसवली, बॉनेट लावलं. शर्मिला स्टेअरिंगवर बसली; कामगारांच्या सुट्टीला अजून पाऊण तास होता. तोच पुढचा दरवाजा उघडून धनेश आत टेकला. "चला वयनी. माका कुडाळात सोडा, वायच काम आसा."

"तुका चलता माझ्या हातची गाडी?"

"आता काय! कॉइल गावली ना?" धनेशने दात काढले.

"कॉइल गावली. तुझी लाज खंय आसा ती बघ आधी. उतर."

तो उतरला. लोकांसमोर उतरावं लागलं त्याला. परशुरामाचा हात मागच्या दरवाजाच्या कडीवर होता. परतीची एसटी दोन वाजता, आणि त्याचा तिठा तिच्या वाटेवरच. शर्मिलाने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"ट्रायल तुम्ही तीनदा घेवक नाय, मेस्त्रीनू. आज मी एकटी घेतंय."

त्याने कडीवरचा हात काढला. गाडी चिरा ओलांडून, सातविणीखालून वर गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. आवाज स्वच्छ होता, एकही प्लग चुकत नव्हता.

लोक पांगले. उन्हात रस्त्यावर दोघेच उरले, आणि तिठा पाच किलोमीटर. धनेश त्याच्या बरोबरीने चालू लागला. "बघितलात मेस्त्री, काय मस्ती ती? आमी इतक्या करूचा, आणि बायल आमकाच उतरवता. तुम्हीच बाकावरच्यांक सांगलात ना, चढ बायलमाणसाक जमणा नाय म्हणान? मी तां सगळ्या गावाक सांगललंय, मेस्त्रीनी सांगल्यानी म्हणान. तेव्हा गावकर तयार झाले गाऱ्हाण्याक."

परशुराम चालता चालता थांबला. धनेशचीही शिसारी येईना त्याला आता. त्याने मान खाली घातली आणि धनेशच्या मागून चालू लागला.