हीटर, आणि खिडकीतला कूलर

अकोल्याची पोरगी गाड्यांसाठी हीटर बनवते, हे ऐकून आमच्या गल्लीत आजवर एकही माणूस हसल्याशिवाय राहिलेला नाही. "कोणाले इकतं बाई, सूर्याले?" असं एकाने विचारलं होतं. मी चिडते. मला चिडायला तसाही वेळ लागत नाही, आणि मे महिन्यात तर मी आधीच चिडलेली असते, त्यामुळे या प्रश्नाचं नीट उत्तर मी कधी कोणाला दिलेलं नाही.

त्यातून अब्बांचा धंदा कूलरचा. पत्रा कापायचा, वाकवायचा, खाली पाण्याची टाकी करायची, आत पंखा बसवायचा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावायच्या. अर्ध्या अकोल्याच्या खिडक्यांत आपले कूलर आहेत असं ते सांगतात. अर्ध्या नसतील, पण आमच्या भागात मात्र आहेत. त्यांना माझं काम समजावून सांगायला मी पहिल्यांदा बसले तेव्हा ते एका ताटीला तार बांधत होते. मी म्हटलं, डिझेलच्या बसचं इंजिन तापतं, आणि त्या तापलेल्या पाण्यावरच थंडीत आतली माणसं शेकतात. विजेच्या बसमध्ये तसं तापणारं काही नसतं. म्हणून जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी करायची, तिच्यातून कूलंट, म्हणजे गाडीच्या नळ्यांतलं पाण्यासारखं द्रव, फिरवायचं आणि विजेवर तापवायचं. ते गरम कूलंट पुढे जाऊन समोरची काच मोकळी करतं, माणसांचे पाय आणि बॅटरी ऊबदार ठेवतं.

अब्बांनी तार दातांतून काढली. "म्हणजे इंजिनच्या गाडीत गरमी फुकट भेटे?"

"हो."

"अन् ते फुकटचं आता तू पगार घेऊन बनवून राहिली."

घरातली आमची बोली हिंदी आणि वऱ्हाडीची खिचडी आहे. लिहिताना मी ती वऱ्हाडीकडे झुकवली आहे. टोमणा मात्र जसाच्या तसा आहे.

मी नोकरी करते अमरावतीत, एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत. आठवडाभर तिथे भाड्याच्या खोलीत राहते आणि शनिवारी अकोल्याला येते. आमचे साहेब तेल्हाऱ्याचे, कापूसवाल्या घरातले, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. बर्फातल्या गाड्यांचा हीटर आम्ही दोघं वऱ्हाडात बसून काढत होतो. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात हे आम्हालाही माहीत होतं. म्हणून साहेबांनी एका धंदा गुंडाळलेल्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर आणून ठेवला होता. पेटी, नळ्या, कूलंट, सगळं त्यात गोठवायचं आणि मग चालू करून बघायचं. फ्रीझरच्या झाकणावर अजून मँगो कुल्फीचं चित्र होतं.

त्या पेटीत एक सेन्सर असतो, रखवालदारासारखा. तापमान ठरलेल्या हद्दीपुढे गेलं की तो वीज तोडतो. ही हद्द कुठे ठेवायची ते मी ठरवलं, आणि मी ती बरीच खाली ठेवली. शिवाय एकदा वीज तुटली की कोणी हाताने बटण दाबेपर्यंत हीटर परत सुरू होणार नाही, अशीही व्यवस्था केली. साहेब म्हणाले, "एवढं?" मी म्हटलं, तापून काही विपरीत होण्यापेक्षा बंद पडलेलं बरं. हे मला इतकं उघड खरं वाटत होतं की त्यावर कोणी वाद घालू शकेल हेच माझ्या ध्यानात आलं नाही.

फ्रीझरमध्ये हीटर चालला. तिथला गारठा तसा बेताचाच होता, हे नंतर कळलं. पेटी एका बसमध्ये बसून हिमाचलच्या डोंगरात चाचणीला गेली आणि मी वाट बघत बसले. बसले म्हणणं खोटं आहे. मला बसता येत नाही. मी ऑफिसात येरझाऱ्या घालत होते, गाडी मूर्तिजापूरला थांबली की उगाच डब्याच्या दारात जाऊन उभी राहत होते, आणि अकोल्याला पोचले की अब्बांच्या खोकल्याने आणखी अस्वस्थ होत होते.

त्या हिवाळ्यात त्यांचा खोकला काही केल्या हटत नव्हता. दर थंडीत धरायचा, पण यंदा बोलताना मध्येच धाप लागायची. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, झोपता तिथे वारा येतो का? अब्बा म्हणाले, नाही. मी म्हणाले, येतो. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, तो आधी बंद करा, नाहीतर पुढच्या खेपेला दवाखान्यात ठेवावं लागेल.

वारा येत होता तो कूलरमधून. अकोल्यात होळीच्या सुमाराला कूलर खिडकीत चढतात, आणि पाऊस नीट लागला की उतरून माळ्यावर जातात. आमच्या घरचा उतरत नाही. कूलरचं तोंड खिडकीत असल्यामुळे खिडकीची दारं लागत नाहीत, आणि डिसेंबरातला वारा ताट्यांतून गाळून थेट अब्बांच्या खाटेवर येतो. मी एकदा त्याच्यावर गोधडी टांगली होती. पुढच्या शनिवारी आले तर ती घडी करून पेटाऱ्यावर ठेवलेली. "हवा अडते," अब्बा म्हणाले.

कूलर का उतरत नाही ते मला माहीत होतं. मी शाळेत होते त्या वर्षीच्या मे महिन्यात एका घरी नुकतंच बाळ झालं होतं, आणि दुकानात तयार कूलर एकही उरला नव्हता. अब्बांनी आमच्या खिडकीतला काढून त्यांना नेऊन दिला. दोन दिवसांत दुसरा बसवतो, असं ते अम्मीला म्हणाले. अम्मीनेच हसत हसत कूलरची एक बाजू धरून तो गाडीवर चढवायला मदत केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गच्चीवर शेवया वाळत घालून खाली आली आणि डोकं दुखतं म्हणून पडली. ऊन लागलं होतं. संध्याकाळी मला आई नव्हती. तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर अब्बांनी दुकानातला सगळ्यात मोठा कूलर खिडकीत बसवला, आणि त्यानंतर त्याच्याबद्दल घरात कोणी बोललं नाही.

डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी मी पाना घेऊन गल्लीत गेले आणि कूलरच्या स्टँडचा नट पिळायला लागले. सरळ काढून टाकायचा, असा विचार होता. अब्बा बाहेर आले. त्यांनी माझ्या हातातून पाना ओढून घेतला. आवाज चढवला नाही. "माह्या घरात माह्या कूलरले हात लावजो नको," म्हणाले, आणि मग खोकल्याने त्यांना पुढचं बोलू दिलं नाही. मी पाय आपटत स्टेशनवर गेले. गाडी सुटल्यावर मला रडू आलं. रागाचंच होतं, निदान बडनेऱ्यापर्यंत तरी मी तसं समजत होते.

सोमवारी डोंगरातून फोन आला. ड्रायव्हरच बोलत होता. हीटर बंद पडतो; बटण दाबलं की थोडा वेळ चालतो, पुन्हा बंद पडतो; काचेवर बर्फ, पायात मोज्यांवर मोजे, आणि उतारावर तो काचेचा वाटीएवढा तुकडा बोटाने पुसून त्यातून रस्ता बघत गाडी चालवत होता. त्याने तक्रारीचा सूरही लावला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

साहेबांनी फ्रीझरमध्ये वरून आणखी बर्फ आणि मीठ भरलं, आणि मग तिथेही तेच झालं. कारण दिसत होतं. कडक थंडीत कूलंट काकवीसारखं दाट होतं आणि हळू सरकतं. पेटीतल्या तापणाऱ्या पट्टीला चिकटलेला थर लगेच चटका बसेल इतका तापतो, बाकी सगळं गारच असतं. माझा रखवालदार नेमका त्या पट्टीशी बसलेला. त्याला वाटायचं, आग लागली. सगळं अंग गारठलेलं असताना एका कोपऱ्यातल्या गरमीला घाबरून तो वीज तोडत होता.

"मॅडम, गरमीले कावून एवढ्या भेता तुमी?" साहेब ओरडले. "दुधानं तोंड पोयलं हाय का तुमचं? ताक बी फुकून पिऊन राहिल्या!"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी बाहेर येऊन कंपाऊंडच्या भिंतीपाशी उभी राहिले. मला अम्मीचं कपाळ आठवलं, हात लावला तेव्हाचं, आणि इतक्या वर्षांनी तिथे, भर दुपारी, दोन ट्रकच्या मध्ये मी रडले. ती हद्द मी कोणत्याही पुस्तकातून घेतली नव्हती. अब्बांनी कूलर बसवला, मी सेन्सर. तोंड धुऊन आत गेले तेव्हा साहेब चहा घेऊन उभे होते आणि कुल्फीच्या चित्राकडे बघत होते.

पुढचे काही दिवस नुसतं काम झालं. हद्द नुसती वर ढकलून भागणार नव्हतं; तसं केलं असतं तर खरंच काही जळलं असतं. आम्ही सुरुवातच हळू करायचं ठरवलं. आधी थोडीच वीज द्यायची, कूलंट पातळ होऊन वाहायला लागलं की मग पूर्ण. एक रखवालदार पट्टीशीच ठेवला, त्याला थोडं सैल सोडलं. दुसरा जिथून कूलंट बाहेर पडतं तिथे बसवला. आणि वीज तुटलीच, तर निवल्यावर हीटर आपला आपण उठेल असं केलं. नवी पेटी डोंगरात गेली. या खेपेलाही बंद पडली तर काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार, हे साहेबांनी सांगितलं नाही, पण ते ओरडेनासे झाले होते, त्यावरून कळत होतं.

चाचणीच्या दिवशी शनिवार होता. मी अकोल्यात होते. सकाळपासून फोन हातात घेऊन मी स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर करत होते. अब्बा खाटेवर शाल घेऊन बसले होते. त्या भांडणानंतर आम्ही भाजी, औषध, गाडीची वेळ, एवढंच बोलत होतो.

"बस नं बेटा," शेवटी ते म्हणाले. "तुह्याकडं पाहून मलेच धाप लागून राहिली."

फोन वाजला. ड्रायव्हरने आधी सगळ्यांची खुशाली विचारली. मला त्याचा गळा धरावासा वाटला. मग म्हणाला, काच पूर्ण साफ आहे, हीटर एकदाही बंद पडला नाही, आणि मी हातमोजे काढून गाडी चालवतो आहे. मी नुसतं हो, हो म्हणत राहिले.

"काय म्हणे?" अब्बांनी विचारलं.

"चालला. त्याचे हात गरम आहेत."

"मंग पयले कावून बंद पडे?"

मला खोटं सांगता आलं असतं. "मी लवकर बंद करत होते," मी म्हटलं. "गरमीची भीती वाटते मला, अब्बा. तेव्हापासून. म्हणून तो ड्रायव्हर थंडीत मरत होता."

ताट्यांतून वारा आत येत होता आणि शालीचं टोक हलत होतं. अब्बांनी ते मांडीखाली दाबलं. कूलरकडे एकदा बघून ते उठले आणि चपला घालून गल्लीत गेले. मी मागे गेले. त्यांनी टाकीची बुची काढली. आतलं पाणी नालीकडे वाहायला लागलं; भर हिवाळ्यातही ती टाकी भरलेली होती. नट गंजले होते, त्यांवर त्यांनी तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत एकेक करून ताट्या काढल्या. मी पाना पुढे केला तर म्हणाले, थांब, घाई नको करू. मी थांबले. मला ते जमत नाही, पण थांबले.

शेवटचा नट सुटला आणि त्यांचे हात तिथेच राहिले.

"होळीपर्यंतच, अब्बा," मी म्हटलं. "दोन महिने. मग मी स्वतः परत चढवते."

"तिले बी म्या दोनच दिवस म्हटलं होतं," अब्बा म्हणाले.

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदा बोलत होते. मी कूलरला वळसा घालून पलीकडे गेले, अम्मी त्या दिवशी उभी होती त्या बाजूला, आणि खालून पत्र्याला हात घातला. पत्रा गार होता. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, शालीने डोळे पुसले आणि आपली बाजू धरली.

"उचल," ते म्हणाले. "पाय संभाळजो."