जांभळाखालचं लव्हाळं

सावलीत वाढणारी वस्तू वडूजला आणायची, हा खुळेपणा माझाच. इथे माणसाला सावली पुरत नाही, तिथे गवताला कुठून आणणार? पण कोयनानगरच्या वसाहतीतलं आमचं क्वार्टर पाडणार असं कळलं, तेव्हा मी जाऊन तिथून एकच गोष्ट आणली: दारातल्या जांभळाखालचं लव्हाळं.

ओढ्याकाठी वाढतं ते हे नव्हे. हे त्याचं रानातलं भावंड, दाट झाडीखाली ओल्या पाचोळ्यात राहणारं. पात मऊ, काळपट हिरवी, कडेला बारीक पांढरी लव. वडील धरणावर कामाला होते, तेव्हा आईने ते रानातून आणून लावलं होतं. दुकान लांब, घरात दोरा असला तर असायचा. मग ती त्याचीच पात घेऊन अबोलीची वेणी बांधायची. शाळेला जाताना मी तिच्या पुढ्यात बसायचे आणि मानेला ती गार पात लागायची. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो गारवा अजून आठवतो.

वडूजला मी ते परसात, उत्तरेच्या भिंतीला लावलं. वर जुन्या लुगड्याचा आडोसा केला. पहिल्या उन्हाळ्यात निम्मं करपलं. बोअरचं पाणी खारट, म्हणून मी पिण्याच्या माठातलं घालू लागले. शेजारीण म्हणाली, "गवताला माठाचं पाणी? लय कवतिक बाई तुमचं!" म्हणू दे. दुसऱ्या वर्षी त्याला तपकिरी तुरे आले, तेव्हा मी दिवसातून चारदा जाऊन बघून येत होते.

त्याच वर्षी लेकीच्या बाळंतपणाला मी कराडला गेले. महिन्याने परत आले तर परस लख्ख. आमचे हे फौजेतून आल्यापासून शेती बघतात. कोरडवाहू रानात तण म्हणजे पिकाच्या तोंडचा घास पळवणारं. ते दिसलं की यांचा हात खुरप्याकडे जातोच. मी येणार म्हणून त्यांनी एकट्याने सगळं खुरपून काढलं होतं. आडोशाचं लुगडंही धुऊन घडी घालून ठेवलं होतं.

"माझं लव्हाळं कुठाय?"

ते शाबासकीची वाट बघत उभे होते. "त्ये तुजं हुतं? मला वाटलं, तू लावल्यालं कवाच मेलं आन वर तण उगावलं. गवत कोण लावतंय व्हय मुद्दाम?"

उकिरड्यावर शोधलं. पार वाळून कोळपलं होतं. मी नाही नाही ते बोलले. आईचं एवढंच उरलं होतं, तेही तुम्ही उपटलंत, म्हणाले. दोन दिवस घरात फक्त भांडी वाजत होती.

तिसऱ्या दिवशी ते पहाटेच्या एसटीने कुठेसे गेले. दिवेलागणीला परतले ते ओलं पोतं खांद्यावर घेऊन. पोत्यात मातीसकट लव्हाळ्याचं बेट होतं.

"तुज्या आईच्या दारातलंच हाय," ते म्हणाले. "घर न्हाई ऱ्हायलं. जांभूळ हाय."

"घर नाही तर जागा कशी सापडली?"

"तुला बघाय आलो तवा कट्ट्यावर पोहे खात बसलो न्हवतो व्हय? समूरच हुतं. तवाच मनात आलं, ह्या बाईनं दारात एवढं तण कसं ठिवलंय. हितं वाळकुडं झाल्यालं, म्हणून वळखलं न्हाई."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला हसू आलं. तसंच हसत मी भिंतीशी खड्डा केला, बेट बसवलं, माठातलं पाणी घातलं. मग एक पात तोडून मानेला लावून बघितली. तशीच होती, गार.

आणि मला रडू फुटलं. तीन दिवस मी लव्हाळ्यासाठी भांडत होते. लव्हाळं मिळालं होतं, आणि मला आई हवी होती.

ते माझ्याशेजारी उकिडवे बसले, खुरपं लांब सरकवलं आणि हातानेच बुंध्याची माती दाबत राहिले.